सहा नंबर ३४ चा होतोय. पोरगं तयार करायचं की बाहेरून माणूस आणायचा?

स्पेअरवाला

मंडळी, कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी आधी चार ओळी. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं तुमच्या कानावर आली असतील. तालीम म्हटलं की लाल माती आणि कुस्ती, पण तिच्याच नावानं अकरा जण बूट घालून शाहू स्टेडियमवर उतरतात आणि अख्खी पेठ त्यांच्या मागं असते. आमची तालीम कुठली ते सांगत नाही. समितीतल्या कुणी हे वाचलं तर माझा संध्याकाळचा चहा बंद होईल.

मी संघाचं व्यवस्थापन बघतो. ऐकायला भारी वाटतं, पण काम म्हणजे नोंदणीचे फॉर्म भरणं, जर्सी धुवायला टाकणं, बर्फ आणणं आणि रुसलेल्याला घरातून उठवून मैदानावर आणणं. तरुणपणी लेफ्ट बॅक होतो, बेताचाच. पोटापाण्याला दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे.

आता मुद्दा. आमचा सहा नंबर. बचावाच्या पुढं उभा राहून सगळी घाण साफ करणारा हाफ. चौदा वर्षं झाली. शिरोलीला फौंड्रीत पाळीनं काम करतो. रात्रपाळी करून आंघोळ, तासभर झोप आणि दुपारी मॅच, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मार्चमध्ये त्याला ३४ पूर्ण होतील. डावा गुडघा बोलायला लागलाय. मॅचनंतर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरतो आणि आपण बघतोय हे कळलं की कठडा सोडतो. गेल्या हंगामात तो नसताना चार मॅच खेळलो. तीन हरलो, एक बरोबरी.

दिवाळीच्या आधी दुकानाचा स्टॉक लिहीत होतो. क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन किट. कुठला माल संपत आलाय, कुठला मागवायचा. आणि एकदम मनात आलं, की शेवटची क्लच प्लेट विकली गेल्यावर मी कधी मागवायला बसत नाही, मग संघाच्या बाबतीत दर वर्षी तेच का करतो? त्याच वहीच्या मागच्या पानावर संघ लिहिला. २२ नावं, पुढं वय, आणि तिसरा रकाना : ‘हा गेला तर कोण?’ २२ पैकी ९ जण तिशीच्या पुढं. तिसऱ्या रकान्यात १३ जागा कोऱ्या. गोलकीपरच्या पुढं मी माझ्याच अक्षरात ‘बघू’ असं लिहून ठेवलेलं.

समितीचा बेत नेहमीचाच. बाहेरून एक हाफ आणायचा, एका हंगामापुरता. राहायची सोय, जेवण, मानधन. दोन वर्षांपूर्वी असाच एक आणला होता. खोटं कशाला बोलू, झकास खेळला, उपांत्य फेरीपर्यंत नेलं. मेमध्ये बॅग भरून गेला. जूनमध्ये आम्ही होतो तिथंच, फक्त खिसा रिकामा.

तालमीतली दोन पोरं आहेत. एक १७ चा, बारावीला, डिसेंबरचा जन्म. सगळ्या वयोगटांत कायम बारका म्हणून मागं राहिला, आता वर्षात चार बोटं वाढलाय आणि गुडघ्याच्या खाली दुखतं म्हणतो. पण चेंडू पायात यायच्या आधी हा दोन्ही खांद्यांवरून मागं बघून घेतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. दुसरा १९ चा, अंगानं भरलेला, टॅकलला जाळ, पण चेंडू आला की हाताला चटका बसल्यासारखा टाकून मोकळा.

कुणाला धरू? कधीपासून खेळवू? सहा नंबरला हे सांगू कसं? आणि एवढं करून पोरगं तयार झालं आणि पुण्या-मुंबईला निघून गेलं तर?

ईर्षाखोर

भावा, तुझं सगळं पटलं, आता हेच माइकवरून पेठेला सांग. ‘या वर्षी आपण पोरं घडवतोय, म्हणून हरतोय.’ सांगून घरापर्यंत चालत ये बघू.

आमच्याकडं समोरच्या पेठेकडून हरलं की आठवडाभर दूधवालासुद्धा तोंड वाकडं करून माप घालतो. १७ वर्षांचं पोरगं त्या गॅलरीसमोर पहिल्या दहा मिनिटांत एक पास चुकलं की संपलं. त्याच्या आईला काय काय ऐकावं लागेल याचा विचार कर. पोरं घडवायची असतील तर घडवा की, सकाळी सहाला. लीगला माणसं आणा.

उडणपूलडोंबिवली

मी डोंबिवलीचा, कामानिमित्त सहा वर्षं बिलबाओत आहे, उत्तर स्पेनमध्ये. स्पेअरवाले, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हे अख्खं शहर गेली शंभरहून जास्त वर्षं तुमची वही घेऊन बसलंय.

इथला क्लब अ‍ॅथलेटिक. नियम एकच, तोही कुठल्या कायद्यात नाही, नुसती परंपरा : खेळाडू बास्क प्रदेशातला हवा, नाहीतर इथल्या क्लबांत घडलेला हवा. म्हणजे बाहेरून एका हंगामाचा हाफ आणणं हा मार्गच बंद. तरीही स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून हा क्लब एकदाही खाली गेलेला नाही. असे तीनच आहेत, बाकीचे दोन रिआल माद्रिद आणि बार्सिलोना. १९७१ पासून लेझामा गावात त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून पोरं आधी बास्कोनिया, मग बिलबाओ अ‍ॅथलेटिक, मग मुख्य संघ अशी जिना चढतात.

तुमच्या गोलकीपरच्या ‘बघू’वरून एक गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये चेल्सीनं ८ कोटी युरो मोजून यांचा गोलकीपर केपा उचलला. गोलकीपरसाठी तेवढे पैसे त्याआधी कुणीच दिले नव्हते. आता कुणालाही वाटेल, एवढा पैसा आला, घ्या एखादा दांडगा. पण घेणार कुठून? बास्क गोलकीपर काय बाजारात ढिगानं मिळतात? यांनी २१ वर्षांचा उनाई सिमोन, ज्याला काही आठवड्यांपूर्वीच एल्चे क्लबला उसना दिला होता, त्याला परत बोलावलं आणि उभा केला. पुढचं ऐका, कारण हे कुणी सांगत नाही. तो लगेच पक्का झाला नाही. काही सामने खेळला, मग अनुभवी गोलकीपर दुखापतीतून परतला आणि सिमोन पुन्हा बाकावर. खरा पहिला नंबर व्हायला पुढचा हंगाम लागला. २०२४ मध्ये स्पेननं युरो कप, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकला तेव्हा गोलमध्ये तोच होता.

मग सिमोनच्या मागं कोण? कप स्पर्धेचे सामने यांनी दुसऱ्या गोलकीपरला, अगिरेझाबालाला दिले. एप्रिल २०२४ ला कपचा अंतिम सामना मायोर्काविरुद्ध, पेनल्टीवर गेला. ४० वर्षं हा कप आला नव्हता. तरी गोलमध्ये अगिरेझाबालाच, स्पेनचा पहिला गोलकीपर बाकावर. पोरानं एक पेनल्टी अडवली आणि कप आला. नंतर नदीतून होडीची मिरवणूक निघाली, दोन्ही काठांवर माणसांचा समुद्र. मी पुलावर तीन तास उभा होतो.

आता उलटं उदाहरणही देतो, नाहीतर मी विकत घेतलेला वाटेन. केपा गेला त्याच वर्षी, २०१८ च्या जानेवारीत, यांचा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा, लापोर्ट साडेसहा कोटी युरोंना मँचेस्टर सिटीला गेला. तेव्हा जागेवर कुणी तयार नव्हतं. मग शेजारच्या, हाडवैरी रिआल सोसिएदादचा इनिगो मार्टिनेझ ३ कोटी २० लाखांना आणावा लागला. कोल्हापुरी हिशेबात, समोरच्या पेठेचा स्टॉपर त्यांना हवे तेवढे पैसे देऊन. तिसरा रकाना कोरा ठेवला की असं होतं.

ढोपरवैद्य

पुण्यात फिजिओ आहे, रोज वाढत्या वयाचे गुडघे बघते. फुटबॉलचं डावपेच-शास्त्र मला कमी कळतं, तेवढं सोडून बोलते.

१७ चा मुलगा : गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाला उंचवटा असतो तिथे दाबल्यावर दुखतंय का बघा. उंची झपाट्याने वाढताना हाड पुढे जातं आणि मांडीचा स्नायू ताणलेला राहतो, तो तिथेच ओढतो. सहसा हे १२ ते १५ मध्ये दिसतं, तुमचा मुलगा उशिरा वाढणाऱ्यांपैकी आहे. पण मी मैदानाबाहेरून बोलतेय, आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. तोपर्यंत उड्या आणि पळापळ कमी, आणि दुखत असताना ‘मर्दासारखा खेळ’ हे वाक्य त्याच्यासमोर बंद. लगेच.

आणि तो खांद्यांवरून मागे बघतो याचं मला अजिबात नवल वाटलं नाही. वयोगट १ जानेवारीला मोजतात. डिसेंबरच्या मुलाच्या समोर जानेवारीचा मुलगा म्हणजे जवळजवळ वर्षाने मोठा. बारा-तेरा वर्षांच्या निवड चाचणीत प्रशिक्षक ज्याला ‘गुणी’ म्हणतात तो बऱ्याचदा नुसता मोठा असतो. बारक्याला धक्का परवडत नाही, म्हणून तो आधी बघायला शिकतो. आता त्याला उंचीही मिळतेय.

एकदा बरा झाला की दुसरी भीती : तुम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडाल. तालीम, कॉलेज, जिल्हा, शिवाय रविवारची सेव्हन-अ-साइड. बार्सिलोनाचा पेद्री २०२०-२१ मध्ये क्लब, युरो कप आणि ऑलिंपिक धरून ७३ सामने खेळला, वय अठरा. पुढच्या हंगामात मांडीच्या दुखापतीने कितीतरी काळ बाहेर. त्याच्यामागे डॉक्टरांची फौज होती. तुमच्याकडे बर्फ आहे.

निघून जाईल, त्याचं काय? जाईलच, चांगला असला तर. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत आला आणि २०१७ ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यानंतर त्या मुलांसाठी फेडरेशनने काय केलं ते तुमच्या कामाचं आहे. इंडियन अ‍ॅरोज नावाचा संघ करून त्यांना थेट आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये मोठ्यांसमोर उतरवलं. पहिल्या हंगामात तळाला राहिले. पण त्या संघाला खालच्या श्रेणीत पाठवायचं नाही असं आधीच ठरलं होतं, म्हणून हरायची मुभा होती. तुम्हाला ती मुभा कुठल्या सामन्यांत आहे ते शोधा.

बाराचीआई

मी फुटबॉलमधली नाही. माझा मुलगा होता. एका संघात त्याला दोन वर्षं ‘पुढचा राइट बॅक’ म्हणत होते. घरी येऊन तोही तसंच सांगायचा, आम्हीही पाहुण्यांना तसंच सांगायचो. दोन वर्षांत तो किती खेळला ते मी कॅलेंडरवर लिहीत होते, सगळे मिळून ९४ मिनिटं. एवढ्यात एक मॅच होते. बाकी वेळ बारा नंबरची जर्सी घालून बसलेला. मी ती जर्सी धुवायची तेव्हा तिला माती नसायची. तिसऱ्या वर्षी त्याने बूट मावसभावाला देऊन टाकले. आता बँकेच्या परीक्षा देतोय, मजेत आहे, पण टीव्हीवर मॅच लागली की उठून जातो.

तुम्ही त्या मुलाच्या आईबाबांना भेटा. ‘पुढचा’ वगैरे म्हणू नका. यंदा किती मिनिटं देणार ते सांगा. कमी सांगितलीत तरी चालतील, पण सांगितलेली द्या. आणि फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे, हे तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिलंय?

स्पेअरवाला

ताई, कुठल्याच नाही. ऐन लीगच्या मधोमध बारावी येते आणि मला, स्वतःच्या दोन पोरांची बारावी काढलेल्या माणसाला, हे सुचलं नाही. आज सकाळी वहीत चौथा रकाना आखला : ‘शाळा, कॉलेज, पाळी.’ पाळी यासाठी की सहा नंबरची रात्रपाळी मी आजवर वाऱ्यावरच सोडली होती.

ईर्षाखोर

हां, थांबा. काल उगाच वाकडं बोललो. मी बार्साचा, म्हणजे बार्सिलोनाचा, भक्त आहे आणि सहा नंबरचा विषय निघाल्यावर गप्प बसणं मला शोभत नाही.

२००८ ला ग्वार्डिओला प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा बार्सात ती जागा याया तूरेची होती. तूरे म्हणजे डोंगर. ग्वार्डिओलानं आदल्या वर्षी राखीव संघ सांभाळलेला, तो संघ चौथ्या श्रेणीत धुळीत खेळायचा. तिथला काडीपैलवान बुस्केट्स त्यानं वर आणला. बरं, तूरेला काही हाकलला नाही. दोघांना अदलून बदलून खेळवलं. आणि २००९ चा चॅम्पियन्स लीगचा रोमचा फायनल आठवा. बचावातली माणसं निलंबित, जखमी. मधे कोण? बुस्केट्स. आणि तूरे? त्याच्या मागं, स्टॉपरला! समोर मँचेस्टर युनायटेड, दोन-शून्य. पोरगं चुकलं तर सावरायला मागं जुना मालक उभा. वर्षभरानं तूरे मँचेस्टर सिटीला गेला तेव्हा कुणाच्या पोटात गोळा आला नाही.

मग हाच बुस्केट्स १५ वर्षं खेळला. ७२२ मॅच. एवढा भरवशाचा, की त्याच्या मागं कोण हे कुणी वेळेत बघितलंच नाही. २०२३ ला तो गेला आणि आमच्या लोकांनी गिरोनाकडून ३१ वर्षांचा ओरिओल रोमेउ आणला. बार्साच्याच ला मासिया या शाळेत वाढलेला, पण वर्षभरात पुन्हा गिरोनालाच उसना पाठवला. जगातली नावाजलेली शाळा दारात असून ही गत.

तेव्हा स्पेअरवाले, तुमच्या सहा नंबरला स्टॉपरला घ्या. पळणं निम्मं, डोकं पुरेपूर. आणि समितीला माझं नाव सांगू नका.

स्पेअरवाला

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण फिरत होतो.

आधी डॉक्टर. ढोपरवैद्य, तुम्ही म्हणालात तेच निघालं. सहा आठवडे पळणं बेताचं, मांडीचे ताण रोज. पोराला वाटलं आपलं संपलं. त्याला म्हटलं, मैदानावर ये, माझ्याशेजारी बस आणि सहा नंबर चेंडू येण्याआधी कुठं बघतो ते मोजून सांग. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला. त्यात खाली एक ओळ त्यानं स्वतःच्या मनानं लिहिलेली : ‘डावीकडून चेंडू आला तर काका मागं बघत नाहीत, मान दुखते वाटतं.’ चौदा वर्षांत हे मला दिसलं नव्हतं.

मग त्याचे आईवडील. आई म्हणाली, मार्चअखेरपर्यंत नाव काढायचं नाही. म्हटलं, नाही काढत. एप्रिल-मेच्या नॉकआउट स्पर्धांत, पहिल्या फेऱ्यांत, त्याला एकूण १८० मिनिटं. आकडा वहीत लिहून त्यांच्यासमोर सही केली. वडिलांनी उगाच कशाला म्हणत सही नीट बघून घेतली. तोवर लीगला १९ चा खेळेल. त्याच्या घाईवर औषध आमच्या जुन्या कोचनं सांगितलं : सरावात त्याला दोन टचच्या आत पास द्यायला बंदी, तीन घ्यायचेच. पहिल्या दिवशी अकरा वेळा चेंडू गमावला, पोरं खिदळली. काल चार वेळा.

समितीत दोन तास भांडण झालं. बाहेरचा हाफ आणायचा नाही एवढं पदरात पडलं. त्या बदल्यात बाहेरचा फॉरवर्ड आणायचा हे मला मान्य करावं लागलं. फॉरवर्डच्या पुढंही तिसरा रकाना कोराच आहे, त्यामुळं तोंड उघडायला जागा नव्हती. डोंबिवलीकर, तुमचा नियम आमच्याकडं चालायचा नाही, निदान या वर्षी तरी.

राहिला सहा नंबर. त्याला सांगायला सर्वात शेवटी गेलो, खरं तर टाळत होतो. रात्रपाळी सुटल्यावर फौंड्रीच्या गेटवरच गाठला. टपरीवर चहा घेतला आणि म्हटलं, यंदा स्टॉपरला खेळतोस का, मधे पोराला घालूया. रोम, तूरे, बुस्केट्स सगळं सांगितलं. तो काहीच बोलेना. बशीतला चहा गार झाला. मग म्हणाला, “बारका तयार होईल. थोरल्याला तीन टच घ्यायला लावताय ते बराबर हाय. पर एक सांगतो दादा, मागनं मी वरडणार. दोघं बी चुकली की वरडणार. तवा तुम्ही मधी पडायचं न्हाई.”

गाडीला किक मारता मारता परत वळला. “आणि जर्सी सहाचीच घालणार. स्टॉपरला असलो म्हणून काय झालं.”

म्हटलं, घाल.

ता. क. गोलकीपरच्या पुढं अजून ‘बघू’च आहे. पंधरा-सोळाचं, लांब हातांचं, पडायला न भिणारं पोरगं कुणाच्या माहितीत असेल तर कळवा. हातमोजे आणि बूट तालमीतर्फे. दहावीला असेल तर तेही आधी सांगा.